बोडिल आणि तेरा पायऱ्या

थुबोरोन बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात बोडिलने एकतीस वर्षं ओल्या फरशीवर उभं राहून कॉड साफ केले. कारखाना सुटला, पण तिथला गारठा तिच्या डाव्या गुडघ्यात मुक्कामालाच राहिला. बासष्टीला आली तेव्हा गुडघ्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. त्यातच नवऱ्याला, आयनारला, अर्धांगवायूचा झटका आला. त्याची खाट माडीवर, स्वयंपाकघर खाली, आणि मधे तेरा उभ्या पायऱ्या. खाली आणू म्हटलं तर तो ऐकेना. वरच्या खिडकीतून त्याला बोटी दिसायच्या.

जिल्ह्याच्या दवाखान्यात गुडघ्यात द्यायच्या एका इंजेक्शनची चाचणी चालू होती. बोडिलने नाव दिलं.

"निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी," डॉक्टर विबेके म्हणाल्या. "कोणाला काय मिळालं ते मलाही आत्ता कळणार नाही. वर्षाने सांगू."

"खाऱ्या पाण्यातच जन्म गेला माझा, बाई. टोचा."

आठव्या दिवशी कठडा न धरता ती ताट घेऊन वर गेली. आयनार वाकड्या तोंडाने हसला. "कोण गं तू? बोडिलची धाकटी बहीण का?"

"गप बस. हेरिंग मासा खा मुकाट्याने."

अकरा आठवडे तिने त्याचं सगळं केलं. दाढी केली, अंग पुसलं, कूस बदलली. बाराव्या आठवड्यात नवव्या पायरीवर गुडघा अडकला आणि ताटासकट ती खाली आली.

दुसरं इंजेक्शन चाचणीच्या नियमात बसत नव्हतं. वेदनाशामक गोळ्यांनी नुसती पित्ताची जळजळ वाढली. ती बसत, सरपटत वर जायची. दिवसातून दोनदा, मग एकदाच. पडून पडून आयनारच्या पाठीला जखम झाली. ती बघून नगरपालिकेच्या नर्सने वृद्धाश्रमाचा अर्ज पुढे केला. बोडिलने सही केली. वृद्धाश्रमातल्या खिडकीतून मोटारी दिसायच्या. सात आठवड्यांत आयनार गेला.

"तेरा पायऱ्या जड झाल्या तुला," दफनानंतर नणंद आस्ता सगळ्यांदेखत म्हणाली.

वसंतात डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं."

बोडिलने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणजे अकरा आठवडे मी माझ्याच पायांनी चढले?"

"असं होतं बऱ्याच जणांचं. तो आराम खोटा नव्हता, बोडिल."

"मग बाराव्या आठवड्यात कोणी अडवलं मला?"

"दुखणंही खरंच होतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी गुडघ्याचा फोटो दाखवून कूर्चा कुठे संपली ते समजावलं. बोडिल मान डोलवत होती. डोक्यात काही शिरत नव्हतं.

रविवारी आस्ता कॉफीला आली. "काय होतं गं शेवटी त्या सुईत?"

"औषध," बोडिल म्हणाली. "चांगलं जालीम होतं. पण उतरलं."

"अस्सं," आस्ता म्हणाली. पहिल्यांदाच तिने बोडिलच्या हातावर हात ठेवला. बोडिलने तो राहू दिला.

पुढच्या हिवाळ्यात गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. नको म्हणून तिने फोनवर कळवलं. कारण विचारलं, तर म्हणाली, आता वर जायचं काही कामच पडत नाही.