एकतीस फुटांचं घर

ते मोटरहोम घराशेजारी येऊन उभं राहिल्यापासून मार्लिसच्या स्वयंपाकघरात भर सकाळीही दिवा लावावा लागे. ओट्यापुढच्या खिडकीतून पूर्वी शेजाऱ्यांची मक्याची शेतं दिसत. आता पांढरा पत्रा दिसे.

लायलने ते ऑक्टोबरात ग्रँड आयलंडहून आणलं, कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत. "तुझ्यासाठी घेतलं, मार्ली. आता आईलाही नेता येईल." आत शेगडी, फ्रीज, भांडी घासायची मोरी आणि सासूसाठी धरायच्या दांड्या लावलेलं न्हाणीघर. मार्लिसने त्या चिमुकल्या ओट्यावरून हात फिरवला. वर्षभर शाळेतल्या पोरांचं रांधून झाल्यावर सुट्टीत जे जे मागे टाकून जावंसं वाटतं, ते सगळं लायलने हौसेने चाकांवर चढवून आणलं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. एवढ्या कौतुकाने आणलेल्या वस्तूला दुसरं काय म्हणतात?

नेब्रास्कातल्या ब्रोकन बो गावात जुलैची सहल जानेवारीतच ठरवावी लागते. राष्ट्रीय उद्यानांत गाडी लावून मुक्काम करायच्या तळांवरच्या जागा सहा महिने आधी बुकिंगला सुटतात आणि बघता बघता संपतात. त्या दिवशी बर्फामुळे शाळा बंद होती. लायलने फर्माईश केली म्हणून शाळेतलाच बेत घरी शिजत होता: चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. टेबलाच्या एका टोकाला सासूबाई, आर्डिस, जिगसॉच्या चित्रकोड्याचे तुकडे रंगांप्रमाणे लावत बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला मार्लिस लॅपटॉप उघडून बसली होती.

बॅडलँड्सचं बुकिंग झालं, यलोस्टोनचं झालं. राहिलं ग्लेशियर.

लायलने उभी हयात ट्रक चालवला. पाचशे मैल झाले नाहीत तर दिवस फुकट गेला असं त्याला वाटे. आजवर सगळी उद्यानं मार्लिसने त्याच्या वेगाने पाहिली: पाटीशेजारी फोटो, सँडविच, पुढे चला. यंदा तिने एकच गोष्ट मागितली होती. ग्लेशियरमधला, खिंडीवरून जाणारा रस्ता. तिचे वडील तरुणपणी एक उन्हाळा तिथे बर्फ उपसायच्या कामावर होते. ते सांगत, वर खिंडीत अशी जागा आहे की इकडचं बर्फ वितळून एका समुद्राकडे जातं आणि तिकडचं दुसऱ्या. "तिथे उभं राहिलं ना पोरी, की पुढे कुठे जायचंय हेच आठवत नाही." मार्लिसची साठी आली होती. कुठेच जायचं नाहीये असा दिवस तिला अजून भेटला नव्हता.

उद्यानाच्या पानावरची एक ओळ तिने पुन्हा वाचली. मग खिडकीबाहेरच्या पत्र्याकडे पाहिलं.

"लायल, आपली गाडी किती लांब?"

"एकतीस फूट," तो बूट झटकत, छाती काढून म्हणाला. "का?"

"त्या रस्त्यावर एकवीसच्या वर सोडत नाहीत."

तो चष्मा लावून वाकला. "मग खालून बघू. डोंगर काय, खालूनही दिसतो."

"रस्ता वरून जातो."

"मग एवढं उत्तरेला जायचंच कशाला? टीटॉन करू आणि परत फिरू. डिझेलही वाचेल."

त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. अडचण तीच होती. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

"तिथे लाल बस असते," मार्लिस म्हणाली. "जुनी, टप उघडणारी. दिवसभरात वर नेऊन आणते. मी एक दिवस जाऊन येते. तुम्ही दोघं तळावर थांबा."

लायल चिली ढवळायला गेला. ती ढवळायची गरज नव्हती. "आणि आईचं? तिला दुपारी... ते आत नेणं वगैरे. तिलाच आवडणार नाही."

"मला बिलकूल आवडणार नाही," आर्डिस तुकड्यांवरून नजर न काढता म्हणाल्या. "त्याचं मी धुतलंय तेवढं पुरे. उलटी फेड नको."

"एक दिवस, लायल."

"मीही तेच म्हणतोय. एका दिवसासाठी एवढं काय?"

मग आर्डिसनी आपला सुरकुतलेला हात मार्लिसच्या हातावर ठेवला. "दोन तिकिटं काढ. मी येते तुझ्याबरोबर. परक्या लोकांत एकटी कशी जाशील? हा बसेल मासे धरत."

"बघ," लायलचा चेहरा उजळला. "सुटला प्रश्न."

पडद्यावर बसच्या तिकिटांसाठी माणसांची संख्या विचारणारा चौकोन होता. त्यात आपोआप एक आलेला होता. मार्लिस त्या एकाकडे पाहत राहिली. तो तसाच ठेवला तर दुपारच्या गोळ्या, न्हाणीघराचं दार, लायलचा भांबावलेला चेहरा हे सगळं तिकिटाशिवाय बसमध्ये येऊन बसणार होतं. आणि हा हात अजून हातावर होता, मायेने ठेवलेला.

तिने दोन केले.

"मी खिडकीशी बसणार हं," आर्डिस म्हणाल्या.

"खिडकीशी मी बसणार, आई."

आवाज चढला नव्हता, तरी लायलच्या हातातला डाव पातेल्यात थांबला. आर्डिसनी एक तुकडा उचलला, फिरवला, परत ठेवला. "बस तू. मला काय, डोंगरच बघायचेत." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "त्या बसमध्ये बाथरूम असतं का?"

"नसतं. वर खिंडीत थांबते, तिथे आहे."

"किती थांबते?"

"पाव तास असेल."

"पाव तासात होईल माझं," आर्डिस समाधानाने म्हणाल्या. "तू फक्त दाराशी उभी राहा. मला आतून कडी लावायची भीती वाटते."

रोलचा दालचिनीचा वास घरभर सुटला होता. लायल वाट्या काढत होता. मार्लिसने बटण दाबलं आणि नावं लिहायला घेतली.