लॉज सोडल्याची वेळ : सकाळी सात

निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. नोकरीतले मोठमोठे तपास आता पुसट होत चालले आहेत, पण एका सरकारी लिपिकाच्या लॉजच्या बिलाचे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी नागपूरच्या सदर भागात ठाणेदार होतो. दुपारी बाराच्या सुमारास गोंदियाहून एक बाई ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला आले होते. रात्रीपासून फोन बंद होता. सकाळी प्रशिक्षण केंद्रात विचारले, तर ते दुसऱ्या दिवशी आलेच नव्हते. त्यांचा मोबाईल आदल्या संध्याकाळी वर्गात चार्जिंगला राहिला होता आणि शिपायाने तो बंद करून कपाटात ठेवला होता.

"दरवेळी याच लॉजमध्ये राहतात जी," म्हणत बाईंनी पर्समधून एक जुने बिल काढले.

मी मिसिंगची नोंद घेतली आणि हवालदाराला घेऊन बाईंसह लॉजवर गेलो. मॅनेजरने रजिस्टर पुढे केले. आदल्या संध्याकाळी साडेसहाला आल्याची नोंद, खोली क्रमांक दोनशे चार, खाली सही. लॉज सोडल्याची वेळ सकाळी सात.

"सात वाजता चावी देऊन गेले साहेब. मी सोताच होतो काउंटरवर," तो म्हणाला.

झाले. आमचा सगळा तपास त्या सात वाजल्यापासून सुरू झाला. त्यानंतरचे अपघात तपासले, त्यानंतर दवाखान्यांत भरती झालेले अनोळखी इसम विचारले. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांपासून सरकारी वॉर्डांपर्यंत फोन झाले. सगळीकडून एकच उत्तर, आज सकाळपासून असा कोणी आलेला नाही.

तीन वाजता आम्ही पुन्हा लॉजवर गेलो. बाई काउंटरपाशी बाकावर बसून रडत होत्या. जिना पुसणारी एक वयस्क बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मी पाणी प्यायला आत वळलो, तशी ती माझ्यामागे आली.

"साहेब, माहं नाव नका सांगू. दोनशे चारचा नळ फुटला हाये. परवापासून त्या रूमले कुलूप हाये. काल तिथं कोनीच झोपलं नाही."

मी वर जाऊन कुलूप उघडायला लावले. फरशीवर पाणी साचले होते आणि पलंगावर गादीही नव्हती.

मॅनेजरला आतल्या खोलीत बसवले. एव्हाना त्याला घाम फुटला होता. आवाज चढवून अशा माणसाकडून काही निघत नाही, तो फक्त जास्त घट्ट होतो. मी शांतपणे म्हणालो, "हे बघ, बिल खोटं असेल तर त्याचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पण या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर त्याला शेवटचं पाहणारा तू. तूच तसं लिहून ठेवलं आहेस."

त्याने रजिस्टर मिटले. मग म्हणाला, "साहेब, ते इथं कधी झोपतच नाहीत. दर दौऱ्याले येतात, सही करतात, बिल घेतात अन् निघून जातात. जायची वेळ मीच लिहितो. काल सात वाजताच गेले, पन संध्याकाळी. मौद्याच्या बसनं. तिथं बहीण हाये म्हनत होते."

नातेवाइकाकडे मुक्काम केला तर दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला निवासाचा खर्च मिळत नाही. त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

बाहेर येऊन मी बाईंना सांगितले. त्यांचे रडणे एकदम थांबले.

"मौद्याले तर माही नणंद राहते. आमचं येणंजाणं बंद हाये साहेब, लग्नाच्या भांडणापासून. माही सासू तिच्याकडंच असते." मग त्यांनीच मोबाईल काढला. नंबर अजून त्यांच्याकडे होता.

पलीकडून रडवेला आवाज आला. "वहिनी, तो आलाच नाही वं! रात्रभर वाट पाहून राहिलो. तुमाले फोन लावायची हिंमत नाही झाली."

म्हणजे माणूस सदर आणि मौदा यांच्या मधे हरवला होता, आणि तोही आदल्या संध्याकाळी. मी मौदा ठाण्याला फोन लावला. पाच मिनिटांत उत्तर मिळाले. रात्री साडेआठला बसथांब्याजवळ एका दुचाकीची पादचाऱ्याला धडक, अनोळखी पुरुष, बेशुद्ध, बॅग सापडली नाही, पुढील उपचारासाठी नागपूरला रवाना.

तो आमच्याच शहरात, सरकारी दवाखान्यात अनोळखी म्हणून पडून होता. आम्ही त्याच दवाखान्याला दुपारी फोन केला होता. फक्त विचारले होते सकाळी सातनंतरचे.

वॉर्डात शिरलो तेव्हा त्यांच्या डोक्याला पट्टी होती, पाय प्लास्टरमध्ये होता, पण डोळे नुकतेच उघडले होते. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. हवालदाराने सुटकेचा श्वास इतक्या मोठ्याने सोडला की नर्सने वळून पाहिले. तासाभरात मौद्याहून बहीणही आली. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोघींना पाहून तो माणूस घाबरलाच.

"काहून नाही सांगितलं मले?" बायकोने विचारले.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं काय? माय आता बिछान्यावरून उठत नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि नणंदेकडे वळून म्हणाल्या, "बसा ताई, उभ्या काहून हाव?"

नंतर त्या लिपिकाने स्वतः कार्यालयात लेखी कबुली दिली, घेतलेला निवासखर्च भरून दिला, वेतनवाढ रोखली गेली ती सोसली. मॅनेजरवर खोट्या नोंदींची कारवाई झाली. जिना पुसणाऱ्या बाईचे नाव मी कागदावर कुठेही येऊ दिले नाही.

या तपासातली चूक माझीही होती. मी शाईने लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवला आणि खोलीचे दार उघडून पाहायला तीन तास लावले. माणूस वाचला, म्हणून ती चूक आज हलक्या मनाने सांगता येते. पुढे हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी सांगत आलो, नोंद वाचा, पण नोंद करणाऱ्याला कशाची भीती आहे तेही पाहा.

आणि एक सवय मला स्वतःला लागली. साक्षीसाठी, बंदोबस्तासाठी बाहेरगावी गेलो की पाठ टेकण्याआधी घरी फोन करायचा आणि आज खरोखर कुठे झोपतोय ते सांगायचे. बायको म्हणायची, एवढं काय सांगता? मी म्हणायचो, असू दे, तुला ठाऊक असलेलं बरं.