काशिनाथबाबांचा बदाम

काशिनाथबाबांची बोटं कायम निळी असायची. मोरचूद न चुना कालवून त्याचा लेप ते ब्रशनं नाय, हातानंच झाडाला लावायचे. गंगापूर रोडच्या नर्सरीत मी कामाला लागले तेव्हा माझी छकुली सात महिन्यांची होती, न पहिल्याच दिवशी मी तिची झोळी दारातल्या देशी बदामाला बांधली, तर हा म्हातारा माळी धावत आला न झोळीच्या गाठी सोडायला लागला.

मी म्हनले, "एवढी हिरवीगार फांदी, काय झालंय तिला?"

"वरून हिरवी हाय. तू पावडर लावून येती, म्हून अंगातला ताप जातो का?"

त्यांनी कोयत्यानं साल खरवडली. आत काळं. कोणीतरी फांदी तोडून जखम तशीच उघडी ठेवली, तिथून बुरशी शिरली म्हने.

मालक सारखा म्हनायचा, झाड पाडून टाका. बाबा म्हनायचे, "साहेब, तुमचे केस गेले, तुम्हाला पाडलं का कोणी?" न परत वाळकी फांदी कापायची, लेप लावायचा, रोजचंच. छकुलीची झोळी त्यांनी शेडच्या पाइपाला बांधून दिली.

पण उन्हाळ्यात पत्र्याखाली पोर नुसती तापायची, रडून रडून निळी पडायची. एक दिवस बघितलं तर बदामाच्या त्याच फांदीला लेप लावलेला. मला वाटलं औषध झालं, म्हंजे बरी झाली. कोणाला विचारलं नाय, बांधली झोळी. मी कुंड्या भरत होते न कडकन आवाज आला. बाबा जवळ होते, त्यांनी झोळी पोटाशी धरली न फांदी त्यांच्या पाठीवर. पोरीला ओरखडा नाय.

"लेप जखमेला असतो गं बाई. आतल्याला कुठं लागतो," एवढंच बोलले. शिव्या दिल्या नाय. मला त्याचंच लय भ्या वाटलं.

मग त्यांनी अंथरूण धरलं ते परत उठलेच नाय. घरी भेटायला गेले तर खाटेवरून म्हनले, "मालकाला सांग, पाडू नको. कापत कापत मागं जायचं, पांढरं लाकूड लागंल तिथं थांबायचं."

मी सांगितलं. माणसांनी कापलं, कापलं, पार बुंध्यापर्यंत काळंच.

परत गेले तेव्हा छकुली माझ्या कडेवरून त्यांच्या मिशा ओढत होती. त्यांनी विचारलं, "पांढरं लागलं का?"

"लागलं, बाबा."

"मग जगंल," म्हनले न कुशीवर वळले.

बुंधा आदल्या दिवशीच टेम्पोत भरून गेला होता. बाबा त्याच आठवड्यात गेले. मालक म्हनतो, तुझा काय दोष. मी ऐकून घेते.