विझलेली काचपट्टी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. प्रयोगशाळेत मात्र पेशींना चमकते रंग चढवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे रंग डीएनएला जाऊन चिकटतात आणि खास दिव्याखाली उजळतात. पेशीत दोन ठिपके दिसले तर ठीक. तीन दिसले तर गर्भात मुळातच दोष, त्यात आईचा काही हात नसतो. पण त्याच दिव्याखाली फार वेळ राहिला, तर रंग कायमचा विझतो. नव्या माणसाला ती आधी हेच बजावायची.

ताईचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला. पडदे लावायला आपण स्टुलावर चढलो, त्यामुळेच गेला, असं ताईनं मनाशी धरलं. धाकटीच्या प्रयोगशाळेत तपासणीला आलेला गर्भाचा नमुना एवढासा, जेमतेम एक काचपट्टी झाली. घरच्या माणसाचा नमुना खरं तर दुसऱ्याकडे सोपवायचा. धाकटीला राहवलं नाही.

पेशी एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. निळ्यात लाल ठिपके. एक, दोन, आणि तिसरा? तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. कडेवर घ्यायचं ते भाचरू असं काचेवर बघावं लागलं होतं. डोळे पुसून ती पुन्हा वाकली तेव्हा तिथं नुसता अंधार होता. दिवा चालूच राहिला होता.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं आणि निष्कर्ष निघत नाही असा अहवाल दिला. घरी तिनं सांगितलं, नमुनाच खराब होता.

ताई मात्र येईल त्याला सांगत सुटली, की माझ्याच हातानं झालं. धाकटीला ते ऐकवेना. शेवटी एका दुपारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "ताई, नमुना चांगला होता. मी घालवला."

मग तिनं सगळं सांगितलं. तिसरा दिसल्यासारखा वाटला, पण छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही.

"मी स्वतःला खात होते," ताई म्हणाली, "आणि तू बघत बसलीस?"

ताईनं तिच्याशी बोलणंच टाकलं. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. काय दिसलं ते नीट सांग म्हणाली. बाहेरच्या बाकावर बसून तिनं सगळं पुन्हा ऐकून घेतलं.

"तिसरा होता?"

"वाटलं तसं."

"तुझ्या वाटण्यावरच मला आता दिवस काढायचेत," असं म्हणून ताई उठली आणि बसथांब्याकडे निघाली. धाकटी थोडी मागोमाग गेली, पण हाक मारायचा धीर तिला झाला नाही.