पाठवणीचं गाणं हळदीत वाजणार नाही

लेकीच्या हळदीला डीजे लावायला माझी ना नव्हती. फक्त ते एक गाणं वाजणार नाही, असं मी भावाला ठणकावून सांगितलं. तो चाटच पडला. पनवेलपासून उरणपर्यंत त्या गाण्याशिवाय हळद होत नाही, कॅसेटच्या काळापासून लोक त्यावर नाचतायत. पाहुणे मला फाडून खातील, म्हणाला. म्हटलं, खाऊ देत.

अहो, ते गाणं माझ्या आईचं! आई धवलारीण, म्हणजे लग्नात विधी-विधीला गाणी म्हणणारी. जासईच्या मिठागरात राबता राबता तिनं ते माझ्या पाठवणीसाठी जुळवलं होतं. पोरी, मागं बघू नको, मी दारात रडतेय ते तुला दिसायला नको, असं त्यात ती म्हणते. पुढे कुणीतरी चाल उचलली, आईला काढून एक पोरगा घातला आणि तो पोरीला 'मागं बघ' म्हणून डोळे मारायला लागला. झालं हिट!

आमच्यात पाठवणीचं गाणं नवरी उंबऱ्यावर आल्याशिवाय कुणी तोंडातून काढत नाही. हळदीत ते वाजलं की आई ताट तसंच ठेवून उठायची. नातीच्या हळदीलाही येणार नाही म्हणाली, तेव्हा माझं डोकं फिरलं. हळदीच्या दिवशी मी डीजेच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. दोन मेव्हणे रुसले, पण आई जेवून उठली.

दुसऱ्या दिवशी लेक निघाली. गाडीचं दार उघडं होतं. आईनं गाणं धरलं. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याला तिच्या तोंडून तो 'मागं बघ'वाला पोरगाच बाहेर पडला. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तोच. इतकी वर्षं लाऊडस्पीकरनं तिच्या कानात तेच ओतलं होतं. मांडवात कुणी वर बघेना.

"माजंच गानं," आई माझा हात धरून म्हणाली, "आनि मलाच येत नाय."

मला इतका राग आला की रडूच फुटेना. माझा आवाज म्हणजे फुटका पत्रा, तरी दुसरं कडवं मीच उचललं. मला ते कसं विसरता येईल? लेकीची गाडी कळंबोलीच्या रस्त्याला लागली तरी मी गात होते, आणि आई माझ्या तोंडाकडे बघत एकेक ओळ मागून म्हणत होती.