पश्चिमेची भिंत

आमच्या पेठेत घरं विकून देणारे एक एजंट आहेत. बोलणं दोन शब्दांचं. कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीला तळहात लावून बघतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

शनिवार पेठेतला माझा पश्चिमेकडचा फ्लॅट दोन उन्हाळे विकला जात नव्हता. मे महिन्यात, भर दुपारी तीनला, ते नागपूरचं एक जोडपं घेऊन आले. मी हुशारी करून पडदे ओढले होते, कूलर लावला होता. एजंटांनी कूलर बंद केला, पडदे सारले आणि पाहुण्यांना त्या तापलेल्या भिंतीलगत बसवलं.

"अहो, काय करताय?" मी कुजबुजलो.

"गप्प बसा."

घाम मलाच फुटला. दहा मिनिटांनी नागपूरकर म्हणाले, "याला ऊन म्हणता का जी? आमच्याकडे सावलीतही याहून तापते!" फ्लॅट त्यांनी घेतला.

एजंटांना सच्चा म्हणावं की लबाड, मला कळेना. जिन्यात विचारलं, "ते पुण्याचे असते तर?"

"डिसेंबरात आणले असते."

मी कौतुकाने मान डोलावली. वर येऊन दार लावल्यावर आठवलं, हा फ्लॅट मला यांनीच दाखवला होता, आणि तेव्हा मी स्वेटर घालून आलो होतो.