छान म्हणायचं नाही

दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही नारायण पेठेत नानांच्या घरी जमायचो. ऐकायला गाणं, बोलायला पुस्तक आणि तोंडात टाकायला काहीतरी गोड. बाकीची मंडळी तिथून आनंद घेऊन घरी जात असतील, मी मात्र धक्के घेऊन जायचो. एक पचतोय तोवर दुसरा हजर! ते इतके साठलेत की आता कोणी नुसतं 'शनिवार' म्हटलं तरी माझी गाडी सुरू होते. विषय तुम्ही काढलात, तेव्हा ऐका.

मंडळी मोजकीच. नाना म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, पण जीव सगळा गाण्यात. त्यांच्या पत्नी माई. एका वाचनालयाच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या कुंदाताई. विश्रांतवाडीचे रामभाऊ, ज्यांच्या शेतात आता इमारती उभ्या राहिल्यात, पण गोठा त्यांनी सोडला नव्हता. आणि मी साठे, खडकवासल्याला धरणाच्या कचेरीत नकाशे काढत नोकरी संपवलेला.

पहिल्याच शनिवारी नानांनी सरोदची टेप लावली. संपल्यावर मी अदबीने म्हणालो, "छान."

नानांनी चष्मा काढला. "छान म्हणजे काय?"

म्हटलं, म्हणजे छान होतं.

"चहा छान असतो. हवा छान असते. तुम्ही पाऊण तास ऐकलंत, त्यात काय सापडलं ते सांगा. काही सापडलं नसेल तर तसं सांगा."

तेवढ्यात कुंदाताई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "साठे, पुढच्या शनिवारचं गोड तुमचं." या घरात छान म्हणायचं नाही, आणि म्हटलंच तर पुढचं गोड त्याने आणायचं, हा नियम मला असा कळला. त्या दिवशी मी एकूण तीनदा सापडलो. तिसऱ्यांदा तर माईंच्या चहाला छान म्हणालो होतो, तोही धरला!

*

दुसरा नियम उसन्या वस्तूंचा. टेप असो की पुस्तक, दुसऱ्याला द्यायचं ते आपल्या सगळ्यात आवडीचं. नावडतं दिलं तर तो अपमान.

त्या नियमाने नानांनी मला एक कॅसेट दिली. एका बुवांची मैफल, नानांनी स्वतः मंचाच्या पायरीशी बसून रेकॉर्ड केलेली. बुवा पुढच्याच वर्षी गेले. टेपची दुसरी प्रत नव्हती. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले की तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होत नाही, हे नानांना चांगलं ठाऊक होतं. पण चांगली वस्तू मोडायची कशाला, हे त्यांचं मत.

चौथ्या दिवशी मी बाजारातून घरी आलो तर माझी बायको, सरोज, स्वयंपाकघरात लाडवांसाठी बेसन भाजत होती आणि तोंडाने ओवी म्हणत होती. मला बघून म्हणाली, "अहो, हे तुमचं यंत्र बिघडलंय. मी गाणं लावलं तर आवाजच येईना. म्हटलं, मग मीच म्हणते."

मी धावत टेपरेकॉर्डरपाशी गेलो. पिठाच्या बोटांनी तिने दोन्ही बटणं एकदम दाबली होती. रेकॉर्डचं लाल बटणसुद्धा! बुवांच्या द्रुत बंदिशीवर अकरा मिनिटं सरोज गात होती.

मी तिला नको नको ते बोललो. ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, जाऊन सांगून टाका. मी म्हटलं, सांगतो. कॅसेट कपाटात स्वेटरखाली गेली आणि तिथेच राहिली. अधूनमधून माझ्याबरोबर येणाऱ्या सरोजने त्यानंतर नानांच्या जिन्याला पाय लावला नाही.

*

नानांना सांगणं का जमेना, त्याचं कारणही ऐका. त्याच महिन्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं आणि आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मुहूर्ताला दोन मिनिटं उरलेली. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि मुलाकडच्या एक बाई मंगलाष्टकं म्हणायला लागल्या. सूर जरा घसरला. नाना नवरीमागे मामाच्या जागी उभे होते, ते सरळ पुढे झाले आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी षड्ज लावून घ्या."

त्या बाईंचा चेहरा उतरला, नवरदेव अंतरपाटावरून डोकावला, भटजी घड्याळ बघू लागले. नानांनी शांतपणे सूर दिला, बाईंनी तो घेतला, आणि लग्न लागलं. जेवताना मी त्यांना म्हटलं, नाना, मुहूर्त टळला असता की! ते म्हणाले, मुहूर्त दुसरा मिळतो.

या माणसाला मी सरोजची ओवी ऐकवणार होतो. तिसऱ्या चरणापाशी आवाज चढवला की तिचा सूर दर वेळी खाली यायचा.

*

कुंदाताईंनी दिलेला धक्का वेगळाच. पान दुमडणाऱ्यांना त्यांनी तीस वर्षं काउंटरवरून फाडून खाल्लेलं. अशा बाईंनी माझ्यासमोर एक नवीकोरी कादंबरी उघडली, ती मागून! शेवटची चार पानं वाचली, मिटली, आणि बाजूला ठेवून दिली.

मी उडालोच. म्हटलं, कुंदाताई, तुम्ही शेवट आधी वाचता?

"शेवट पटला तरच मी पहिल्या पानाला हात लावते," त्या म्हणाल्या. "माणसांच्या बाबतीत ही सोय नसते, म्हणून पुस्तकात करून घेते."

कुंदाताई स्वतःच्या लग्नानंतर दोनच वर्षांत एकट्या पडल्या होत्या हे मला ठाऊक होतं.

पण या सवयीने पुढे नानांचा घात केला. नानांच्या हातात कायम एक जाड पुस्तक असायचं, तपकिरी कव्हरावर सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'श्रुतिविचार'. आम्ही ते बघून दबून असायचो. एकदा ते खुर्चीवर ठेवून आत गेले तेव्हा कुंदाताईंनी सवयीने मागून उघडलं आणि शेवटचं पान वाचलं. नाना बाहेर आले तर त्या म्हणाल्या, "स्वयंपाक्याने केला."

"काय?"

"खून. स्वयंपाक्याने केला."

आत रहस्यकथा होती! नाना दोन शनिवार त्यांच्याशी बोलले नाहीत. ते रहस्यकथा वाचतात हे उघड झाल्याचं त्यांना काही नव्हतं, राग होता तो शेवट सांगितल्याचा.

*

रामभाऊंची टेप लावायची पाळी आली तेव्हा आम्ही भजन नाहीतर लावणी धरून चाललो होतो. पुणेरी डोकं, दुसरं काय येणार! त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात घरच्या म्हशीच्या चिकाचा खरवस, आणि डब्याखालून काढली ती परदेशी पियानोची टेप.

नानांनी ती उलटसुलट करून पाहिली. ही कुठे मिळाली, असं विचारलं.

"एक कर्नलसाहेब दूध घ्यायचे आमच्याकडनं. बदली झाली तवा देऊन गेले. गोठ्यात लावली की म्हस हलत नाय बघा. पहिल्या बाजूचं लावलं तर पान्हा सोडती. दुसऱ्या बाजूचं तिला आवडत न्हाई."

आमच्यापैकी कोणालाही पियानोतलं ओ की ठो कळत नव्हतं. नानांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग टेप परत देत म्हणाले, "म्हशीचं बरोबर आहे."

*

माई कधी काही बोलत नसत. चहा आणायच्या, गोड वाटायच्या. नानांना साखरेचा त्रास, त्यामुळे त्यांच्या बशीत नखाएवढा तुकडा ठेवायच्या आणि ते तो अर्धा तास पुरवून खायचे. एकदा मीच माईंना विचारलं, इतकी वर्षं तुमच्या घरात इतकं गाणं झालं, तुम्हाला त्यातलं सगळ्यात आवडतं काय?

त्या म्हणाल्या, "टेप संपल्यावर जे शांत होतं ना, ते."

आम्ही सगळे नानांकडे पाहायला लागलो. नाना बशीकडे पाहत होते. छान म्हणायला बंदी आहे हे आठवलं म्हणून, नाहीतर मी म्हणणारच होतो.

*

इकडे दर दिवाळीच्या आदल्या शनिवारी नाना मला विचारायचे, "साठे, आमची टेप?" मी म्हणायचो, "ऐकतोय अजून, नाना."

"ऐका, ऐका. घाई नाही."

चौथ्या वर्षी तर कहर झाला. एका पाहुण्याला माझी ओळख करून देताना नाना म्हणाले, हे साठे, एक टेप चार वर्षं ऐकताहेत, याला म्हणतात ऐकणं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी येऊन सरोजला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, सांगून टाका हो एकदा. मला त्यांच्याकडे परत यायचंय.

पुढच्या फाल्गुनात सरोज गेली. चार दिवसांचा ताप, बस.

आठ महिने मी कपाट उघडलं नाही. थंडी पडायला लागली तेव्हा स्वेटर काढताना कॅसेट हाताला लागली. घरात तिचा आवाज दुसरा कुठेही नव्हता. आणि ती वस्तू माझी नव्हती. तिच्या त्या अकरा मिनिटांबद्दल मी तिला एक चांगला शब्द बोललो नव्हतो, नुसता ओरडलो होतो. हे फार लागलं मला.

त्या शनिवारी टेप आणायची पाळी माझी होती. मी नानांच्या समोर कॅसेट ठेवली आणि सगळं सांगितलं. लाडवांच्या बेसनाने भरलेली बोटं, लाल बटण, इतक्या वर्षांचं खोटं, सगळं. कुंदाताईंच्या सुया थांबल्या.

नानांनी कॅसेट उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "लावा."

बुवांचा विलंबित ख्याल सुरू झाला. नानांचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. द्रुत सुरू झालं, दोन आवर्तनं झाली, आणि खट्. मग कढईत उलथन्याचा आवाज. मग सरोज. "हे बोलत का नाही आज?" आणि तिच्या आईची ओवी.

मी सतरंजीकडे पाहत बसलो. तिसऱ्या चरणाला सूर उतरला. पुढच्या ओवीला पुन्हा तिथेच उतरला. नानांचा हात वर होतो की काय म्हणून मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेवढ्यापुरती ती थांबली आणि त्याच शब्दापासून पुढे म्हणू लागली. शेवटी दाराची कडी वाजली, "अहो, हे तुमचं यंत्र बिघडलंय," आणि खट्.

त्यापुढे बुवांच्या मैफलीचं जे काही शिल्लक होतं ते आलं. शेवटची तिहाई राहिली नव्हती. नुसत्या टाळ्या होत्या. पुष्कळ वेळ चालल्या.

टेप संपली. माईंना आवडणारी ती शांतता झाली. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"छान," ते म्हणाले.

मी हबकून त्यांच्याकडे पाहिलं. रामभाऊंनी पाहिलं. कुंदाताईंनी सुया उचलल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "नाना, पुढच्या शनिवारचं गोड तुमचं." मग एक टाका घालून, "छान होतं."

"छान," रामभाऊ म्हणाले. "लई छान."

स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या, "छानच."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नानांनी कॅसेट डबीत घातली आणि माझ्या हातात दिली. "न्या परत. नियम माहीत आहे तुम्हाला, देताना आवडीचंच द्यायचं."

पुढच्या शनिवारी मी गेलो तर टेबलावर गोडाचे चार डबे होते. चारही डब्यांत बेसनाचे लाडू. मी एकटाच रिकाम्या हाताने आलो होतो.